बुऱ्हाणपूरच्या वाटेवरील फिरंगी रथ

बुऱ्हाणपूर म्हटले, की मराठी माणसाला प्रथम असीरगड आठवतो, मग तापीकाठचा शाही किल्ला आठवतो आणि १६३१ च्या जून महिन्यात त्या शहरी बाळंतपणात निधन पावलेली मुमताजमहल आठवते. कापडाचा व्यापार करणाऱ्या जुन्या घराण्यांना तेथील मलमलीची व जरीकाठाची कीर्ती ऐकून ठाऊक असते. कुंडी भंडाऱ्याच्या भूमिगत जलवाहिन्यांविषयीही अलीकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या एका गोष्टीवाचून हे शहर मोगलाईत एवढे नावारूपास आलेच नसते, ती त्याच्या वेशीतून जाणारी वाट आणि त्या वाटेवरची वाहने मात्र उपेक्षित राहिली आहेत.

सुरतेच्या बंदरात उतरलेला परदेशी माणूस आग्र्यास जाई तो दोन वाटांनी. एक वाट अहमदाबादेवरून, दुसरी बुऱ्हाणपूर आणि सिरोंज यांवरून. ही दुसरी वाट बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर अशी गावे ओलांडीत बुऱ्हाणपुरास पोचे. सुरत ते बुऱ्हाणपूर १३२ कोस, तेथून सिरोंज १०१ कोस आणि पुढे आग्रा १०६ कोस, एकूण ३३९ कोस, असा हिशेब फ्रेंच जवाहिऱ्या झां बातीस्त ताव्हर्निये याने मांडून ठेवला आहे. यातील कित्येक नावे खानदेशातील वाचकाने एस. टी. च्या पाट्यांवर वाचलेली आहेत. ताव्हर्नियेला नवापूरचा तांदूळ फार आवडला. दाणा बारीक, रंग बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा, असे त्याचे वर्णन आहे.

या वाटेने आलेल्या दोन युरोपीय प्रवाशांच्या दोन गाड्यांची ही हकीकत आहे. एक गाडी इंग्रज वकिलाने बादशहासाठी नजराणा म्हणून आणली, दुसरी फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या सोयीसाठी हिंदुस्थानातच बनवून घेतली. दोहोंपैकी एकीचेही चाक आज कोणाला दाखविता येणार नाही. तरीही जुन्या वाहनाचे पुनरुज्जीवन म्हणजे नेमके कशाचे पुनरुज्जीवन, हा जो प्रश्न आज जुन्या मोटारींचे शौकीन हिरीरीने वादतात, तो या दोन गाड्यांच्या कथेत फार स्वच्छपणे पाहावयास मिळतो.

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये बुऱ्हाणपुरास आला. दख्खनच्या मोहिमेचे ठाणे तेव्हा तेथे होते. जहांगीर बादशहाचा मुलगा शहजादा परवेज नावाचा अधिपती होता आणि खरी सूत्रे खानखानान अब्दुर्रहीम याच्या हाती होती. रो याला उतरण्यासाठी सराईत ज्या चार खोल्या मिळाल्या, त्या त्याला भट्टीसारख्या वाटल्या आणि तो आपल्या तंबूतच निजला. शहराविषयीही त्याचे मत काही फार चांगले झाले नाही. शहजाद्याचा वाडा, खानखानानाचा वाडा आणि आणखी थोडी घरे सोडली, तर बाकी सारी मातीची घरे असे त्याने लिहिले आहे. शहजाद्याच्या दरबारात त्याने जमिनीवर मस्तक टेकण्याचे नाकारले. पुढची खाजगी भेट ठरली होती, ती मात्र झालीच नाही. कारण रो याने नजर केलेल्या मद्याच्या बाटल्यांचा समाचार शहजाद्याने भेटीपूर्वीच घेतला होता.

रो बुऱ्हाणपुराहून निघाला आणि डिसेंबरअखेर अजमेरास पोचला. १६१६ च्या जानेवारीत त्याने बादशहापुढे जे नजराणे ठेवले, त्यांत एक इंग्लिश घोडागाडी होती. चार चाकांची, बंद पेटीची, आत किरमिजी मखमल लावलेली ही गाडी, आणि तिच्याबरोबर पूर्वी एका बिशपच्या पदरी असलेला इंग्रज गाडीवान. दरबारात बसल्या जागेवरून बादशहाला गाडी दिसत नव्हती, म्हणून त्याने माणसे पाठवून तिची पाहणी करविली. रात्री मात्र त्याला राहवेना. तो स्वतः अंगणात उतरला, गाडीत चढून बसला, तिचा कानाकोपरा धुंडाळला आणि माणसांकडून ती ओढवून घेऊन फेरी मारली. नवी मोटार दारी आल्यावर घरातील थोर माणसे जे करतात, तेच दिल्लीपतीने केले!

पुढे जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. रो याच्या पदरी नंतर दाखल झालेला पाद्री एडवर्ड टेरी सांगतो, की आतील मखमल चीनची आहे हे बादशहाला खटकले. इंग्लंडच्या राजाला घराशेजारी उत्तम मखमल मिळत असता त्याने चीनपर्यंत माणूस का धाडावा, असे त्याने विचारले म्हणतात. मग त्याने गाडी सुटी करविली. पेटी, दांडे, चाके, पट्टे सारे वेगळे झाले आणि शाही कारखान्यातील कारागिरांनी त्यावरून तशीच दुसरी गाडी बनविली. मूळ गाडी पुन्हा जोडताना तिचे जुने अस्तर काढून रुपेरी जमिनीवर फुले विणलेले रेशमी कापड लावले आणि पितळी खिळे उपटून त्या जागी चांदीचे खिळे ठोकले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बादशहाची स्वारी अजमेराहून निघाली, तेव्हा तो चार घोड्यांच्या फिरंगी गाडीत बसला होता. ही नोंद त्याने आपल्या आत्मवृत्तातही केली आहे. रो तेथे हजर होता. बादशहा ज्या गाडीत बसला ती नवी, नकलेची गाडी होती, आणि ती मूळ गाडीशी इतकी जुळत होती, की वरच्या इराणी जरीच्या मखमलीवरूनच काय ती आपल्याला ओळखता आली, असे रो याने कबूल केले आहे. हाकणारा तोच इंग्रज गाडीवान होता; नाटकातल्या पात्रालाही लाजवील असा भरजरी पोशाख त्याच्या अंगावर होता. मागून नव्याने मढविलेली मूळ गाडी आली. ती बादशहाने नूरजहान बेगमेला देऊन टाकली होती. तिच्या मागे तिसरी गाडी देशी बनावटीची होती आणि तीत धाकटे शहजादे बसले होते.

आजच्या काळात कोणी असे केले असते, तर जुन्या वाहनांचे जाणकार त्याला क्षमा करते ना. त्यांची दृष्टी किती वेगळी आहे, हे एका फ्रेंच मोटारीच्या हकीकतीवरून दिसते. आल्सेस प्रांतातील मोल्सहाइम येथे एत्तोरे बुगाटी याचा मोटारींचा कारखाना होता. हलक्या, चपळ, शर्यतीत पुढे राहणाऱ्या गाड्यांसाठी तो जगभर नावाजला गेला. त्याची १९२५ सालची ‘ब्रेशिया’ जातीची एक उघडी गाडी स्वित्झर्लंडमध्ये येऊन पडली, तिच्यावरील जकात थकली आणि १९३६ च्या सुमारास ती माज्जोरे सरोवरात सोडून देण्यात आली, असे सांगतात. ती साखळीला बांधलेली होती. पुढे साखळी गंजून तुटली आणि गाडी पन्नासाहून अधिक मीटर खोल तळाशी गेली. १९६७ मध्ये पाणबुड्यांना ती सापडली, आणि २००९ च्या जुलैमध्ये, मारहाणीत मृत्यू पावलेल्या एका स्थानिक तरुणाच्या स्मरणार्थ उभारलेल्या निधीसाठी ती वर काढण्यात आली. एक बाजू गाळात रुतल्यामुळे बरीचशी टिकली होती, दुसरी पाण्याने खाऊन टाकली होती. जानेवारी १९१० मध्ये नव्हे, तब्बल शंभर वर्षांनी, जानेवारी २०१० मध्ये, पॅरिसच्या लिलावात तिला २ लाख ६० हजार ५०० युरो किंमत आली. घेणाऱ्या अमेरिकन संग्राहकाने तिचा गंजसुद्धा पुसला नाही. आहे त्या स्थितीत ती आपल्या संग्रहालयात मांडली.

एकीकडे चांदीचे खिळे, दुसरीकडे गंजलेला पत्रा. यांत शहाणपण कोणाचे? बुगाटीच्या संग्राहकाचे वागणे योग्यच होते. तशा गाड्यांचे नकाशे, यंत्रभाग आणि चालू स्थितीतील भावंडे जगात आहेत. आणखी एक चकचकीत गाडी करून कोणाच्या ज्ञानात भर पडली नसती. पण जहांगीराला केवळ नासधूस करणारा म्हणून मोडीत काढणे हाही अन्याय होईल. चांदीचे खिळे हा दरबारी थाट झाला, तो सोडून द्यावा. गाडी सुटी करण्याचे काम मात्र निराळे होते. त्याने सुतार, लोहार आणि चर्मकार यांच्यापुढे एक अपरिचित यंत्र उलगडून ठेवले, आणि त्यांनी ते इतके आत्मसात केले, की आणणाऱ्यालाच आपली गाडी ओळखता आली नाही. वस्तू बदलली, पण विद्या या देशातील हातांत उतरली. जुन्या वस्तूला हात न लावणारे संग्रहालय हे दुसरे काम करू शकत नाही.

मग ही विद्या रुजली का नाही? फिरंगी घोडागाडी मोगलाईत सर्वत्र धावू लागल्याचे दिसत नाही. याचे कारण वाटेत होते. अजमेराहून मांडवगडापर्यंतचे १५९ कोस बादशहाच्या स्वारीने चार महिने आणि दोन दिवसांत कापले, ४६ मजला आणि ७८ मुक्काम करून. म्हणजे मजलेला सरासरी साडेतीन कोस झाले. शिकार आणि ऐषाराम यांचा वाटा त्यात मोठा होता, त्यामुळे गाडीला दोष देता येत नाही. पण त्या प्रवासातील डोंगर, जंगले आणि वाटेत पडलेले उंट यांविषयी रो याने केलेली तक्रार खोटी नव्हती. चार चाकांच्या जड गाडीला रुंद, सपाट रस्ता लागतो. नाल्याच्या उतरणीवर तिचे पुढचे चाक रुतले, की मागची सारी गाडी अडते. दोन चाकांची बैलगाडी जागच्या जागी वळते, एक चाक दगडावर आणि एक खड्ड्यात असले तरी निघते, आणि मोडली तर पुढच्या गावचा सुतार ती दुरुस्त करू शकतो.

हे सारे ज्याने अनुभवाने जाणले, तो ताव्हर्निये. १६०५ मध्ये पॅरिसला जन्मलेल्या या माणसाने १६३० ते १६६८ या काळात पूर्वेकडे सहा सफरी केल्या. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला त्याने विकलेला निळा हिरा प्रसिद्ध आहे. हिऱ्यांचा व्यापारी असल्यामुळे त्याला वेग हवा होता, सुरक्षितता हवी होती आणि खर्चाचा हिशेब तर हवाच होता. बुऱ्हाणपूर त्याने पाहिले ते पुष्कळसे पडझड झालेले, गवती छपरांचे, पण व्यापाराने गजबजलेले. तेथील झिरझिरीत मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंड आणि रशियापर्यंत जाते, असे तो सांगतो. हा माल गाड्यांतून आणि बैलांच्या पाठीवरून हलत असे, आणि म्हणूनच त्याच्या पुस्तकात हिऱ्यांइतकेच लक्ष बैलांकडे दिलेले आहे.

मालाच्या एकेका गाडीला दहा-बारा बैल जुंपीत. गाडीवरून दोन दोर टाकून त्यांची चार टोके चार शिपाई धरून चालत, म्हणजे अवघड जागी गाडी एका अंगाला कलली तर दुसऱ्या अंगाचे दोघे दोर ताणून तिला सावरीत. बंजाऱ्यांचा तांडा समोरून आला तर गोष्टच वेगळी. दहा-बारा हजार बैल धान्य किंवा मीठ घेऊन एका ओळीने जाऊ लागले, की अरुंद वाटेवर प्रवाशाने दोन-तीन दिवस स्वस्थ बसून राहावे, एवढेच त्याच्या हाती असे. मोठ्या इतमामाने प्रवास करणाऱ्याने वीस-तीस हत्यारबंद माणसे बरोबर ठेवावीत, प्रत्येकाला दरमहा चार रुपये द्यावेत, असाही ताव्हर्नियेचा सल्ला आहे.

प्रवाशांची गाडी मात्र हलकी असे. तीत दोघे बसू शकत, पण ऐसपैस जायचे तर एकट्यानेच बसावे. कपडे जवळ ठेवावेत, मद्याची पेटी आणि किरकोळ सामान गाडीखाली अडकवावे. पडदे आणि गाद्या युरोपातल्यासारख्याच. बैल दोनच. भाडे दिवसाला सुमारे एक रुपया. सुरतेहून आग्र्यापर्यंत पस्तीस ते चाळीस दिवस लागत आणि सगळ्या प्रवासाचे भाडे चाळीस ते पंचेचाळीस रुपये होई. तेव्हा रोजची चाल साधारणपणे नऊ कोसांची पडली. या गाडीत एकच उणीव ताव्हर्नियेला जाणवली. तिची बैठक थेट आखावर असे. युरोपातील चांगल्या गाडीची पेटी त्या काळी जाड चामडी पट्ट्यांवर झोळीसारखी टांगलेली असे आणि त्यामुळे चाकाचा प्रत्येक हिसका बसणाऱ्याच्या पाठीत जात नसे.

म्हणून आपल्या शेवटच्या सफरीत त्याने काय केले? त्याने फ्रेंच धर्तीची, टांगलेल्या पेटीची गाडी हिंदुस्थानात बनवून घेतली, आणि तिला घोडे न जुंपता देशी बैल जुंपले. त्या एका बैलजोडीला त्याला जवळजवळ ६०० रुपये पडले. चार रुपये महिन्याचा शिपाई साडेबारा वर्षे जे मिळवील, तेवढी ही रक्कम झाली. वाचकाने या किमतीचे आश्चर्य मानू नये, असे तो स्वतःच बजावतो. कारण असे बैल रोज बारा ते पंधरा लीग, म्हणजे सुमारे पन्नास-साठ किलोमीटर, साठ-साठ दिवस चालू शकतात आणि तेही सतत दुडक्या चालीने. भाड्याच्या गाडीहून ही चाल कितीतरी पुढची होती. चपळपणाच्या हौसेसाठी माणूस गाडीवर केवढा खर्च करतो, याचा बुऱ्हाणपूरच्या मुलुखाशी जोडलेला हा फार जुना दाखला म्हणावा लागेल. फरक इतकाच, की या गाडीतील सर्वांत महाग भाग कारखान्यात घडत नव्हता, तो गोठ्यात वाढत होता.

रो याच्या गाडीत आणि या गाडीत जे अंतर आहे, ते पन्नास वर्षांचे तर आहेच, पण समजुतीचेही आहे. पहिली गाडी सगळीच्या सगळी परकी होती. घोडे शिकवावे लागले, गाडीवान साता समुद्रांपलीकडून आणावा लागला. दुसरीत परदेशातून आली ती फक्त टांगणीची युक्ती. लाकूड, कारागीर आणि बैल सारे येथील. अशी जुळणी पुढेही या बाजूच्या लोकांनी केलेली आहे. बुऱ्हाणपूरहून उत्तरेस इंदूरला यशवंतराव होळकर महाराजांनी १९३० नंतरच्या दशकात ड्यूसेनबर्ग नावाची जी सुप्रसिद्ध मोटार घेतली, तिचा सांगाडा व इंजिन अमेरिकन होते, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीने चढविला होता आणि रंग होळकरांचे, केशरी व काळा. ती गाडी नंतर परदेशी गेली आणि तिथल्या संग्राहकांनी तिला जिवापाड जपले. ताव्हर्नियेच्या गाडीला असा वाली मिळाला नाही. लाकूड, चामडे आणि दोर यांची वस्तू वापरून झिजते आणि झिजली की चुलीत जाते.

त्या जातीची देशी गाडी मात्र फार काळ टिकली. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता ही शहरे रेल्वेने जोडली गेली आणि तो लोहमार्ग बुऱ्हाणपुरावरूनच गेला. लांबचा प्रवास त्या दिवसापासून बैलाच्या हातून सुटला. तरीही स्टेशनापासून गावापर्यंत, गावापासून सासरी-माहेरी आणि जत्रेला जाण्यासाठी खानदेश-वऱ्हाडात दमणी आणि छकडा धावत राहिले. सुताराने तुंब्यात आरे बसवावेत, त्यांवर पाट्यांचे वर्तुळ जुळवावे, लोहाराने लोखंडी धाव तापवून लाल करावी, ती चाकावर चढवून वरून पाणी ओतावे आणि आवळताना लाकूड करकरावे, हे दृश्य कित्येकांनी बालपणी पाहिलेले आहे. नंतर रबरी टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आला. चाक बांधणारे हात हळूहळू दुसऱ्या कामाला लागले.

दुडक्या चालीच्या बैलांची आठवण आता शंकरपटात तेवढी उरली आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींना बंदी केली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. शर्यतीच्या समर्थकांचा दावा असा, की यामुळे खिल्लारसारख्या जाती जगतील. विरोधकांचा आक्षेप जनावराच्या छळाचा आहे आणि तो पोकळ नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर शंकरपटाचा बैल आणि ताव्हर्नियेचा बैल यांचे काम एक नव्हे. पटावरचा बैल काही सेकंद जीव तोडून पळतो. वाटेवरच्या बैलाला साठ दिवस टिकायचे असे, आणि त्यासाठी त्याला पळवीत नसत, जपत असत.

तो कसा जपीत, हे ताव्हर्नियेने बारकाईने नोंदविले आहे. शिंगे एक फुटाहून लांब असलेला बैल घेऊ नये. माशा चावल्या, की तो मान मागे झटकतो आणि शिंग पोटात खुपसण्याचा धोका असतो. लगाम नसतो, नाकातून ओवलेल्या वेसणीवर बैल हाकतात. अर्धी मजल झाली, की प्रत्येक बैलाला गव्हाच्या पिठाचे, लोणी आणि काळा गूळ घालून मळलेले दोन-तीन गोळे चारतात. संध्याकाळी हरभरा भरडून, अर्धा तास पाण्यात भिजवून घालतात.

आज कोणा हौशी माणसाने ती फ्रेंच धर्तीची गाडी पुन्हा उभी करावयाचे मनात आणले, तर त्याला पेटीची लांबी-रुंदी, पट्ट्यांची जाडी किंवा चाकांचा व्यास यांपैकी एकही माप या वर्णनात सापडणार नाही. बैलांचा खुराक मात्र भरडलेल्या हरभऱ्यापर्यंत लिहिलेला आहे.